डॉक्टरांच्या संघटनांत बायका आहेत, मग पदांवर का नाहीत? (ठाणे, नवी मुंबई)

भूलतज्ज्ञ_नौपाडा (धागाकर्ती)

आमच्या भागातल्या एका डॉक्टर संघटनेची नवी कार्यकारिणी जाहीर झाली. संघटनेचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की चर्चा माणसांवर घसरते, आणि हा प्रश्न एका शाखेचा नाही. अध्यक्ष, नियोजित अध्यक्ष, सचिव, खजिनदार, चारही पुरुष. एक सहसचिव बाई, सांस्कृतिक समितीवर बाई, महिला विभागाला बाई. सभासदांची यादी चाळली तर बायका निम्म्याला थोड्याच कमी भरतात. गेल्या वर्षी हेच होतं, त्याच्या आदल्या वर्षीही हेच.

मी भूलतज्ज्ञ आहे. स्वतःचं हॉस्पिटल नाही. नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रोड, कधी कळवा, जिथून बोलावणं येईल तिथे जाते, त्यामुळे शहरातली बरीच ऑपरेशन थिएटरं आतून पाहते. सकाळच्या सिझेरियनला टेबलाभोवती कोण असतं? ऑपरेशन करणारी बाई, भूल देणारी मी, बाळ घ्यायला आलेली बालरोगतज्ज्ञ बाई, आणि रक्त लागलं तर ते क्रॉसमॅच करून (रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते तपासून) पाठवणारी रक्तपेढीतली डॉक्टरही बहुधा बाईच. तिथे कुणाला यात वेगळं काही वाटत नाही. त्याच आठवड्यातल्या रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीची व्याख्यानसभा, असते. स्टेजवर ओळीने बसलेले पुरुष, सूत्रसंचालनाला एक बाई आणि दीपप्रज्वलनाच्या वेळी पाहुण्यांच्या हातात मेणबत्ती द्यायला दुसरी. मला याचा राग येतो आणि तो मी इथे लपवणार नाही.

'बायका या व्यवसायात उशिरा आल्या, वेळ लागेल' हे कुणी म्हणणार असेल तर आपल्याच जिल्ह्याकडे बघा. आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये कल्याणला जन्मल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या. त्याच साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांसाठी आणि बायका डॉक्टरांच्या हाती असलेलं. संघटनांनी दार लावून घेणंही तितकंच जुनं आहे. इंग्लंडच्या डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन १८७३ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभासद झाल्या. १८७८ मध्ये असोसिएशनने मतदान घेऊन बायकांना बंदी केली. आधीच आत असलेल्या अँडरसनबाई १८९२ पर्यंत तिथे एकट्या सभासद होत्या. आज असा ठराव कुणी करत नाही. वर्गणी सगळ्यांकडून घेतात, आमंत्रण सगळ्यांना जातं. म्हणूनच अडतंय कुठे ते चटकन दिसत नाही.

इंडियन मेडिकल असोसिएशन (आयएमए) १९२८ ची. २०१५ ते २०२४ या दहा वर्षांतले राष्ट्रीय अध्यक्ष बघितले तर दहाही पुरुष. जगभर तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मांडलं होतं की आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के बायका आहेत आणि नेतृत्वाच्या जागांवर सुमारे २५ टक्के.

माझं म्हणणं असं की अध्यक्षपद हे शेवटचं टोक आहे, तिथे बघून काही कळणार नाही. अध्यक्ष तोच होतो जो आधी सचिव होता. सचिव तो, ज्याने खजिना सांभाळला. खजिना त्याच्याकडे जातो जो रात्रीच्या बैठकांना शेवटपर्यंत बसतो. पाच-सहा वर्षांनी कोण अध्यक्ष होणार हे तिथेच ठरतं. ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबईकडच्या डॉक्टरांनी आपला अनुभव लिहावा. डॉक्टर नसलात तरी चालेल.

पांढरा_कोट_७०

धागा चांगला आहे. मी जिल्ह्यातल्या एका शाखेचा अध्यक्ष होतो, त्याला बरीच वर्षं झाली. मनापासून सांगतो, आम्ही कुणालाही अडवलं नाही. उलट दरवर्षी महिला डॉक्टरांना फोन करायचो, मॅडम, या वर्षी तुम्ही सचिव व्हा. उत्तरं ठरलेली. मुलाची बारावी आहे, सासूबाईंचं ऑपरेशन आहे, मिस्टर नाही म्हणतात. निवडणूक खुली असते. अर्ज भरा, उभ्या राहा. संघटनेचं काम फुकटचं असतं, त्यात रात्री जातात, शिव्या खाव्या लागतात. कुणा डॉक्टरला मारहाण झाली की मध्यरात्री पोलीस ठाण्यात जाऊन बसावं लागतं. हे करायची तयारी हवी. तयारी असलेली बाई मी कधी मागे ठेवली नाही.

सानपाडा_पॅथ

डॉक्टरसाहेब, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. तुम्ही म्हणता तो फोन मलाही आला आहे, म्हणून तो कसा येतो ते सांगते.

अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपणार असते. संध्याकाळी लॅबमध्ये रिपोर्ट सही करत असताना फोन येतो. 'मॅडम, लेडीजमधून एक नाव हवंय, तुमचं टाकू का?' कुठलं पद? 'ते बघू, सहसचिव वगैरे.' अध्यक्ष कोण, सचिव कोण हे विचारलं तर कळतं की ते महिन्यापूर्वीच ठरलंय, सगळं बिनविरोध करायचंय. म्हणजे पॅनेल तयार झाल्यावर एक मोकळी खुर्ची उरते आणि तिच्यासाठी आपल्याला विचारतात. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, 'महिला पुढे येत नाहीत.'

ज्या पुरुष डॉक्टरांना सचिव करायचं असतं त्यांना एक वर्ष आधी सांगतात. 'यंदा तू खजिनदार हो, पुढच्या वर्षी तुझ्याकडे सचिवपद.' तसं त्यांना कुणी तयार करतं. बाईला मात्र मुदतीच्या आदल्या संध्याकाळी विचारायचं, आणि तिने नाही म्हटलं की ती नोंद कायमची.

खाडीपलीकडे

सानपाडा_पॅथ यांना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे शब्दही तोच, 'लेडीजमधून'.

नेरूळ_बालरोग

मी बालरोगतज्ज्ञ. आमच्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं मुख्य कार्यालय आता इथेच जुईनगरला आहे. संस्था १९६३ ची. २०२३ चे राष्ट्रीय अध्यक्ष डॉ. उपेंद्र किंजवडेकर नवी मुंबईचेच, त्यामुळे राष्ट्रीय पातळीवरचं काम आम्ही जवळून पाहिलं. २०२६ च्या अध्यक्षपदावर डॉ. नीलम मोहन निवडून आल्या याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. आमच्या बॅचमध्ये बालरोग घेणाऱ्यांत मुली जास्त होत्या. देशात एमबीबीएसला येणाऱ्यांतही आता निम्म्याच्या आसपास मुली असतात.

एक गोष्ट ठळक दिसली ती सांगते. कोविडच्या काळात सगळ्या बैठका ऑनलाइन गेल्या. तेव्हा आमच्या स्थानिक बैठकांना बायका भरपूर असायच्या आणि बोलायच्याही. मुलाला भरवत, कॅमेरा बंद करून, पण मुद्दे मांडायच्या. लहान मुलांच्या लसीकरणाची ओपीडी बंद ठेवायची की नाही यावर सगळ्यांत नेमकं बोललेली डॉक्टर कोपरखैरण्याची एक बाई होती, जिला मी त्याआधी कुठल्याही बैठकीत पाहिलं नव्हतं. सगळं सुरळीत झाल्यावर बैठका पुन्हा रात्री साडेनऊला हॉटेलात सुरू झाल्या. ती बाई परत दिसली नाही. ती तीच आहे, तिची हुशारी तीच आहे, बदलली ती फक्त बैठकीची जागा आणि वेळ.

भूलतज्ज्ञ_नौपाडा

नेरूळ_बालरोग, अगदी हेच. संध्याकाळची ओपीडी नऊला संपते म्हणून बैठक साडेनऊला, असं कारण देतात. पण साडेनऊला सुरू झालेल्या बैठकीत मुख्य विषय अकराला निघतो, आणि खरं ठरतं ते जेवणानंतर पार्किंगमध्ये उभ्याने. घोडबंदरला कासारवडवलीच्या पुढे राहणारी बाई, सकाळी सातला तिची केस लागलेली आहे. ती साडेदहाला निघते. बारा वाजता काय ठरलं ते तिला ग्रुपवर कळतं.

'मिस्टर नाही म्हणतात' हे कारण मी उडवून लावत नाही. ते खरं असतं. पण घरच्या अडचणीमुळे बाई येत नसेल तर बैठक तिला जमेल अशी घ्यायला संघटनेला काय खर्च आहे? रविवारी सकाळी आठ ते दहा घ्या. तेव्हा ओपीडी कुणाचीच नसते.

आशिष_ईएनटी

मी पुरुष, कान-नाक-घसा. बायको नेत्रतज्ज्ञ. आमची दोघांची एका संघटनेत कपल मेंबरशिप आहे. दोघांची फी भरली, दोघांना मत आहे. पण फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना एकच होता आणि तो मी भरला होता. त्यामुळे निवडणुकीच्या नोटिशीपासून सीएमईच्या लिंकपर्यंत सगळं माझ्या फोनवर येतं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी आहे, ती नाही. प्रश्न कुणाच्या मनातल्या दुष्टाव्याचा नाहीच. यादी तयार करणाऱ्याने पहिला नंबर घेतला आणि संपलं. पण त्यामुळे एक सभासद वर्षानुवर्षं अंधारात राहते.

हा धागा वाचून मी ऑफिसला तिचा नंबर वेगळा द्यायला फोन केला. तिथल्या क्लार्कने सांगितलं, 'सर, सॉफ्टवेअरमध्ये कपलला एकच नंबर घेतो.' मी लेखी पत्र दिलंय. इथे कपल मेंबर असलेल्यांनी आपापली नोंद तपासावी.

मृण्मयी_सर्जन

मी जनरल सर्जन आहे. लॅप्रोस्कोपी करते. माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते काहींना आवडणार नाही.

महिला विभाग हा प्रकार मला पटत नाही. आयएमएचा महिला डॉक्टर विभाग आहे, त्यांचा मिशन पिंक हेल्थ हा किशोरवयीन मुलींसाठीचा उपक्रम आहे. काम चांगलं आहे, मुलींच्या हिमोग्लोबिनचा प्रश्न खराच आहे. पण बाई सर्जन असली तरी तिला संघटनेत पहिला निरोप येतो तो शाळेत जाऊन मासिक पाळीवर बोलायचा. मला हर्नियावर बोलायचं आहे. मेशचं फिक्सेशन, म्हणजे हर्नियाची जाळी बसवणं, कसं करावं यावर माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. परिषदेत वक्त्यांची यादी आली की तिच्यात त्याच पाच जणांची नावं, आणि ८ मार्चच्या कार्यक्रमाच्या यादीत आम्ही सगळ्या.

इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सला सनद मिळाली १८०० मध्ये. पहिली बाई अध्यक्ष क्लेअर मार्क्स, २०१४ मध्ये. त्या ऑर्थोपेडिक सर्जन होत्या. ज्या शाखेत बायका मोजक्या, तिथे इतकी वर्षं लागली. म्हणून माझी मागणी कार्यकारिणीच्या आधी सायंटिफिक कमिटीबद्दल आहे. कोण बोलणार, कोण सत्राचं अध्यक्षपद घेणार, हे ती समिती ठरवते. तिथे बोलल्यावर लोक नाव ओळखतात. नाव ओळखीचं झालं की मतं मिळतात. महिला विभागात वीस वर्षं काढली तरी सर्जन म्हणून तुम्हाला कुणी ओळखत नाही.

गायनॅक_वाशी

मृण्मयी, वक्त्यांबद्दल शंभर टक्के मान्य. पण वेगळ्या विभागांना इतकं कमी लेखू नका. १९०७ मध्ये या देशातल्या बायका डॉक्टरांनी असोसिएशन ऑफ मेडिकल विमेन इन इंडिया काढली, कारण सरकारी सेवेत त्यांना कुणी विचारत नव्हतं. तिच्या रेट्यामुळे १९१४ मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिस आली. मुंबईच्या जेरुशा झिराड त्याच पिढ्यांतल्या. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि पुढे आमच्या फॉग्सीच्या, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, उभारणीतही होत्या. आपली म्हणून एक संस्था होती म्हणून त्या बायकांना सभा चालवता आली, ठराव मांडता आला, पत्रव्यवहार करता आला. हे शिकायला जागा लागते.

आणि फॉग्सीचं उदाहरण आशेचं आहे. २०१६ ते २०१९ सलग चार वर्षं राष्ट्रीय अध्यक्ष बायका होत्या: अलका कृपलानी, ऋष्मा पै, जयदीप मल्होत्रा, नंदिता पालशेतकर. २०२५ मध्ये पुण्याच्या सुनीता तांदुळवाडकर. त्यांची नावं आम्ही स्लाइडवर, जर्नलमध्ये, वर्कशॉपमध्ये पाहत मोठ्या झालो. माझी मुलगी एमबीबीएसला आहे. फॉग्सीची अध्यक्ष बाई असते यात तिला काही विशेष वाटत नाही. मला हेच हवंय.

पांढरा_कोट_७०

गायनॅक_वाशी यांनी जी नावं दिली तोच माझा मुद्दा. लायक असल्या तर होतात. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, बालरोगतज्ज्ञ आहेत, सैन्यातून आल्या. कुणी अडवलं का?

सानपाडा_पॅथ

कानिटकर मॅडमचं उदाहरण दिलंत ते फार बरं झालं. कुलगुरू नेमताना काय होतं? जाहिरात निघते, अर्हता कागदावर असते, शोध समिती असते, शेवटी राज्यपाल नेमतात. बाईची कारकीर्द कागदावर समोर ठेवावी लागते आणि कारकीर्द बघितली की बाई निवडली जाते.

दुसरं उदाहरण. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात महिला डॉक्टरवर बलात्कार आणि तिची हत्या झाली, त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्यात नऊ डॉक्टर होते. आरती सरीन, प्रतिमा मूर्ती, अनिता सक्सेना, पद्मा श्रीवास्तव आणि आपल्या जे.जे.च्या तेव्हाच्या अधिष्ठाता पल्लवी सापळे, म्हणजे नऊपैकी पाच बायका. न्यायालयाला शोधावं लागलं का? नाही. सैन्यातली सर्जन व्हाइस ॲडमिरल, निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालक, हृदयरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ अशा बायका होत्याच. यादी करणाऱ्याने कुठे पाहिलं एवढाच फरक. आमच्या शाखांत यादी करणारे आपल्या टेबलावरच्या मित्रांकडे पाहतात.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष

पहिल्यांदाच लिहितेय. मी सरकारी कॉलेजात रेसिडेंट (निवासी डॉक्टर) आहे, कॉलेजचं नाव सांगत नाही.

आर. जी. करनंतर आयएमएने डॉक्टरांकडून ऑनलाइन सर्वेक्षण भरून घेतलं होतं, ३,८८५ जणांनी उत्तरं दिली. त्यात साधारण ३५ टक्के डॉक्टरांनी रात्रपाळीत असुरक्षित वाटतं असं सांगितलं. ४५ टक्के जणांना रात्रपाळीला ड्यूटी रूमच नव्हती. मला त्या आकड्यांचं आश्चर्य वाटलं नाही. आमच्या वॉर्डची ड्यूटी रूम आहे, तिला आतून कडी नाही. मुलं आणि मुली एकाच खोलीत. बाथरूम लांबच्या पॅसेजला, तिथला दिवा कधी असतो कधी नसतो. पहाटे तीनला बाथरूमला जायचं तर आम्ही सिस्टरना सांगून जातो, कुणीतरी बघत राहावं म्हणून.

आम्ही हे लिहून एका डॉक्टर संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटलो. ते सगळे पुरुष होते, वागले चांगले. पण त्यांनी निवेदनात लिहिलं 'सुरक्षा रक्षक वाढवावेत' आणि 'सीसीटीव्ही बसवावेत'. आमची मागणी होती कडी, वेगळी खोली आणि बाथरूम. ती त्यांनी 'किरकोळ बाबी' या मथळ्याखाली शेवटी टाकली. भूलतज्ज्ञ ताई, अध्यक्ष बाई झाली म्हणून सगळं सुटेल असं मला वाटत नाही, पण निवेदन लिहिणाऱ्यांत एक जरी बाई असती तर कडी पहिल्या ओळीत आली असती.

भूलतज्ज्ञ_नौपाडा

रेसिडेंट, तुझ्या या चार ओळींसाठी हा धागा काढला असं समज. 'प्रतिनिधित्व' म्हणून आम्ही जे भांडतोय ते शेवटी या कडीसाठीच आहे. तुझं निवेदन मला व्यक्तिगत निरोपात पाठव. पुन्हा देऊ, आणि या वेळी कडीपासून सुरू करू.

वकील_चरई

मी डॉक्टर नाही, वकील आहे. ठाणे कोर्टात प्रॅक्टिस. वकिलांच्या संघटनांत हेच होतं. २ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनला सांगितलं की कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा बायकांना, शिवाय एक पदाधिकारी पदही राखीव, आणि त्या वर्षी ते खजिनदाराचं पद होतं. सांस्कृतिक समिती नाही, खजिनदार. आमच्याकडे त्यावर खूप वाद झाले, पण निवडणूक तशी झाली.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीतही बायकांसाठी दोन जागा कायद्याने आहेत. महापालिकेत निम्म्या जागा राखीव आहेत. ज्या शहरात नगरसेवकांच्या निम्म्या जागा बायकांच्या, त्या शहरातली डॉक्टरांची संघटना एकही पद सोडायला तयार नसेल तर तिला कारण विचारायला हवं.

कायद्याचं सांगतो. तुमच्या शाखा बहुतेक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतील. घटना बदलायची तर सर्वसाधारण सभेची रीतसर नोटीस, तुमच्याच घटनेत लिहिलेलं बहुमत आणि मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कागद. वेळ लागतो, पण अवघड काही नाही. आधी घटनेची प्रत मागा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

मृण्मयी_सर्जन

राखीव जागेवर बसायला मला आवडणार नाही. 'ती कोट्यातून आली' हे ऑपरेशन थिएटरमध्येही ऐकावं लागेल.

गायनॅक_वाशी

ते तसंही ऐकतोच ना आपण? नवऱ्याचं हॉस्पिटल आहे म्हणून, सासरे डॉक्टर होते म्हणून. बोलणारे बोलतात. पाच वर्षं राखीव ठेवा, मग काढून टाका.

पांढरा_कोट_७०

सगळं वाचतोय. आरक्षण मला अजूनही पटत नाही. डॉक्टरांच्या संघटनेत गुणांवर निवड व्हावी यावर मी ठाम आहे. पण वेळेचा मुद्दा आणि एक वर्ष आधी सांगण्याचा मुद्दा, या दोन्हींवर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या वेळी आम्ही पुढचा सचिव खरंच एक वर्ष आधी हेरून ठेवायचो.

एक व्यावहारिक सूचना. घटनादुरुस्तीच्या मागे लागलात तर दोन वर्षं कागदात जातील आणि विरोधकांना तेच हवं असतं. त्याऐवजी सर्वसाधारण सभेत साधा ठराव आणा, संकेत म्हणून. कार्यकारिणीच्या बैठकांची वेळ बदलणं, वक्त्यांची यादी सभासदांसमोर ठेवणं, याला घटना बदलावी लागत नाही. विषयपत्रिकेत 'अध्यक्षांच्या अनुमतीने आयत्या वेळचे विषय' यात टाकू नका. तिथे टाकलेला विषय कधी येत नाही. लेखी द्या, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसह, नोटीस निघायच्या आधी. ठरावाची भाषा दाखवलीत तर मी वाचून देईन.

भूलतज्ज्ञ_नौपाडा

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. वरच्या सगळ्यांचं घेऊन कच्चा मसुदा केलाय:

'कार्यकारिणीच्या बैठका रविवारी सकाळी, ऑनलाइन सहभागाच्या सोयीसह घ्याव्यात. रात्री नऊनंतर सुरू झालेल्या बैठकीत ठराव होऊ नयेत. पुढच्या वर्षीच्या पदांसाठी इच्छुकांची नावं निवडणुकीच्या सहा महिने आधी सर्व सभासदांकडून लेखी मागवावीत. सायंटिफिक कमिटीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात आणि प्रत्येक सीएमईच्या वक्त्यांची व सत्राध्यक्षांची यादी वर्षाअखेर सभासदांसमोर ठेवावी. पती-पत्नी सभासद असल्यास दोघांचे मोबाइल व ईमेल स्वतंत्र नोंदवावेत. निवासी डॉक्टरांची निवेदनं तयार करताना महिला निवासी डॉक्टरांचा प्रतिनिधी समितीत असावा.'

सहीसाठी सूचक हवेत. मतदानाचा हक्क असलेले सभासदच लागतील, त्यामुळे रेसिडेंट, तुला यात घेता येणार नाही, पण शेवटच्या ओळीची भाषा तूच तपास.

आशिष_ईएनटी

अनुमोदक म्हणून माझं आणि बायकोचं, दोघांचं नाव घाला. वेगवेगळ्या ओळीत. कपल मेंबरचा मुद्दा आला ते चांगलं झालं.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष

'समितीत असावा' याऐवजी 'निवेदनाचा मसुदा त्यांना दाखवूनच अंतिम करावा' असं कराल का? समितीत आम्हाला घेतील, पण बैठकीच्या दिवशी आमची इमर्जन्सी असेल तर आमच्याशिवायच अंतिम होईल.

भूलतज्ज्ञ_नौपाडा

बदललं.

पांढरा_कोट_७०

मसुदा ठीक आहे. दोन दुरुस्त्या. 'रात्री नऊनंतर ठराव होऊ नयेत' यात 'तातडीची बाब वगळता' घाला, नाहीतर मारहाणीच्या प्रसंगी अडचण होईल. आणि पदांच्या वाक्यात 'सचिव व खजिनदार' ही दोन्ही पदं नाव घेऊन लिहा. नुसतं 'पदं' लिहिलंत तर सहसचिवाची नावं मागवून मोकळे होतील. प्रायोजकांशी बोलणं, हॉल ठरवणं, चेकवर सही, सगळं खजिनदाराकडे असतं. तिथून पुढची वाट जाते हे मी स्वतः चाललोय म्हणून सांगतो.

सानपाडा_पॅथ

खजिनदारपदासाठी सहा महिने आधी नावं मागवली तर माझं नाव मी आताच देते. लॅबचे हिशेब मीच बघते, ऑडिटची भीती नाही. सूचक म्हणून मसुद्यावरही माझी सही घ्या. मंगळवारी दुपारी ठाण्याला येणार आहे, ट्रान्स हार्बर लोकलने. नौपाड्यात कुठे भेटायचं ते कळवा.